रविवारचे ब्रेक

प्रिय ईशान आणि जोआना,

ईशान, तू मागच्या आठवड्यात पाठवलेला व्हिडिओ मी तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा तू त्या बिनसीटच्या सायकलीवरून फळ्यांच्या ढिगावर उडी मारून पुढच्या चाकावर थबकतोस, ते पाहायला. दुसऱ्यांदा, तुझ्या डोक्यावर हेल्मेट नीट बसलं आहे का, ते पाहायला. तिसऱ्यांदा मात्र फक्त शेवटचा भाग पाहिला. त्यात तू आणि तुझा मित्र एका नव्याकोऱ्या रिमवर ग्राइंडर फिरवून तिला ओरखडे पाडता आणि वर डांबराचा खडा घासता. ब्रेकने चाक घट्ट धरावं म्हणून हे करतात, असं तू खाली लिहिलं आहेस. मला शिसारी आली. रिमचं मी समजू शकते, ते पुढे सांगतेच. पण त्याच डांबरलेल्या हाताने तू सँडविच उचललंस. मग तू विचारलंस, ‘आजी, तू सायकलवाली होतीस ना? तुझे ब्रेक कसे होते? मी रिम ब्रेक घेऊ की डिस्क?’ त्यावर मी तुला दोन ओळींचं उत्तर पाठवलं: आमचे ब्रेक सळईचे होते, आणि खाण्याआधी हात धूत जा. दोन्ही ओळी खऱ्या आहेत, पण ते पूर्ण उत्तर नाही.

पूर्ण उत्तर आत्ताच लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या चर्चने या वर्षी एक स्मरणिका काढली. तीत माझ्या मोठ्या काकांवर अर्धं पान आहे आणि एक फोटो. फोटोत त्यांचा हात माझ्या सायकलीच्या हँडलवर आहे. खाली छापलं आहे: मुलींना सायकल चालवण्यास प्रोत्साहन देणारे आणि त्यांच्या सायकलींची निःस्वार्थ निगा राखणारे. तुमच्या आईने ते पान कौतुकाने तुम्हाला पाठवलं, असं तिने मला फोनवर सांगितलं. तिला खरं माहीत नाही, कारण मी तिला कधी सांगितलं नाही. तो माझा दोष. तुम्ही दोघं ते पान खरं धरण्याआधी हे लिहून टाकते.

आमचं घर नगरला ख्रिस्ती वस्तीत होतं. तीन खोल्या, मागे पडवी, पडवीला लागून हातपंप. त्या पंपाचा दांडा पहाटे पाचपासून कुरकुरायचा. बाबा हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या टेबलावर शाईची दौत, टाक आणि पट्टी एका रेषेत असायची. धोतराला कधी डाग नसायचा. मला ते कर्ता-कर्म शिकवायचे तेव्हा चुकलेल्या शब्दावर पेन्सिलीचं टोक हलकेच टेकवून थांबायचे, रागवायचे नाहीत. माझी शिस्त त्यांच्याकडून आली. आई घरातलं सगळं करायची आणि फार कमी बोलायची. आणि घरात मोठे काका होते, बाबांचे थोरले भाऊ. लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून ते निवृत्त झाले होते. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून ते आमच्याकडेच राहायचे. बाबा त्यांना दादा म्हणायचे आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचे नाहीत.

काका वाईट नव्हते, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं तुम्हाला सोपं वाटेल. ते आमच्यावर माया करायचे. पण त्यांचं एक फडकं होतं. मूळचा रंग कोणता होता ते कुणालाच माहीत नव्हतं. काका तपकीर ओढायचे आणि शिंकून झालं की त्याच फडक्याने नाक पुसायचे. त्याच फडक्याने ते दाराच्या बिजागऱ्या पुसायचे, आईचं शिवणयंत्र पुसायचे, आणि एकदा तर चुलीवरचं गरम पातेलं त्यांनी त्याच फडक्याने धरून उतरवलं. त्या दिवशीच्या आमटीला येणारा वास मला आज लिहितानाही येतो आहे. दुसरी वस्तू म्हणजे त्यांचा डबा. वर्कशॉपमधल्या ओळखीच्या लोकांकडून ते गाड्यांच्या इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल आणायचे, काळं आणि जळकट वासाचं. ते पडवीत पंपाशेजारी ठेवलेलं असायचं. त्यात माशा पडायच्या, पिसं पडायची, पण डबा कधी रिकामा झाला नाही. काकांच्या मते घरातल्या कुठल्याही वस्तूचं दुखणं तेल कमी पडल्यामुळे होतं.

आमच्याकडे रविवारी काम करायचं नाही, म्हणून सगळी तयारी शनिवारी. आई रविवारचा मसाला वाटून ठेवायची, मी सगळ्यांच्या चपला पुसायची, बाबा गीतपुस्तकात खुणा घालायचे. आणि काका पडवीत तिन्ही सायकली उलट्या करून बसायचे: त्यांची, बाबांची आणि माझी. माझी लेडीज सायकल होती, बाबांच्या शाळेतल्या एका बाईंनी बदली होऊन जाताना दिलेली. काका चेनला तेल द्यायचे, चाकाच्या मध्यातल्या हबच्या भोकात तेल सोडायचे. तिथपर्यंत ठीक होतं. पण मग ते फडकं त्या डब्यात बुडवायचे, चाक गरगर फिरवायचे आणि रिम आतून-बाहेरून पुसून काढायचे. कारण असं की रविवारी देवळाबाहेर, म्हणजे आमच्या चर्चबाहेर, भिंतीला लागून सायकलींची लांबलचक रांग लागायची आणि त्या रांगेत आमच्या तीन रिमा उन्हात आरशासारख्या चमकायच्या. लोक म्हणायचे, ‘गुरुजींच्या घरच्या सायकली बघा.’ काकांना आठवडाभर एवढं वाक्य पुरायचं.

आता ईशान, तू विचार कर. सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला खालून वर दाबले जातात. तिथेच तेल. मग ब्रेक लागणार कसे? लागायचे नाहीतच. रविवारी ब्रेक लागत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, जसं सोमवारी शाळा असते हे माहीत असतं. रविवारी पाय घासून थांबायचं. मंगळवारपर्यंत धुळीने तेल सुकायचं आणि ब्रेक हळूहळू धरू लागायचे. आमच्या तिघांच्याही उजव्या चपलेचा पुढचा भाग झिजलेला असायचा. चांभार चप्पल हातात घेऊनच ओळखायचा की ही गुरुजींच्या घरची. यात काही चुकतं आहे असं कुणीही म्हणत नव्हतं. मीही नाही. मी एकोणीस वर्षांची होते, शेक्सपिअरचं नाटक मूळ इंग्रजीत वाचलेलं होतं, आणि सायकल पायाने थांबवत होते.

त्या वर्षी आमच्या मुलींच्या शाळेच्या हेडबाईंनी ठरवलं की शहराबाहेरच्या तीन वाड्यांवर आठवड्यातून चार दिवस एक शिक्षिका पाठवायची. तिथे शाळा नव्हती. एखाद्या ओट्यावर नाहीतर झाडाखाली वर्ग भरवायचा. एस.टी. तिकडे जात नव्हती, म्हणजे सायकलवर जायचं. मी अर्ज केला. मला ती नोकरी किती हवी होती ते कसं सांगू? दुसरीकडे माझ्यासाठी कोपरगावकडच्या साखर कारखान्यातल्या एका कारकुनाचं स्थळ आलं होतं आणि काकांनी जवळजवळ होकार दिलेला होता. नोकरी मिळाली तर बाबा ते लांबणीवर टाकू शकत होते. नाही मिळाली तर त्यांच्याकडे सांगायला कारण उरत नव्हतं. शाळेच्या कमिटीतली पुरुष मंडळी म्हणाली, पोरगी सायकलवर वाड्यांवर जाणार, उतारावर पडली-बिडली तर? हेडबाई उंच, सडसडीत, चष्म्यातून थेट पाहणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘सुगीच्या सणाला स्लो सायकलची शर्यत असते. तीत तिला उतरवा. सगळ्यांसमोर दिसेल, हात किती सरावलेला आहे ते.’ त्या कमिटीचे सेक्रेटरी माझे बाबा होते.

स्लो सायकल तुम्हाला माहीत नसेल. यात जो शेवटी पोहोचतो तो जिंकतो. मात्र पाय जमिनीला लागला की बाद, आणि फक्कीने आखलेल्या पट्ट्याबाहेर चाक गेलं तरी बाद. म्हणजे सायकल जवळजवळ उभी ठेवायची, पण पडू द्यायची नाही. तू फळ्यांवर करतोस तेच, फक्त आम्ही साडी नेसून सपाटीवर करायचो. आणि आमच्या देवळाच्या आवाराला तर सपाटीही नव्हती. पायऱ्यांपासून फाटकापर्यंत हलका उतार होता. उतारावर हळू जायचं म्हणजे सगळा खेळ ब्रेकचा.

म्हणून मी बशीरचाचांकडे गेले. बाजाराकडच्या वळणावर त्यांचं सायकलचं दुकान होतं, पत्र्याचं, आत एक माणूस बसेल एवढंच. पण ते दुकान आमच्या पडवीपेक्षा स्वच्छ होतं. प्रत्येक पाना भिंतीवर आपल्या खिळ्याला. त्यांनी माझं चाक उचलून फिरवलं, रिमच्या आतून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं.

‘हे काय लावलंस गं? तळायला टाकली होती का सायकल?’

‘काका लावतात. चमकते म्हणून.’

‘चमकायला लग्नाला न्यायचीय का तिला?’ मग ते गंभीर झाले. ‘बेटा, तेल पोटात असावं. हबमध्ये दे, चेनला दे. रिमला तेल म्हणजे ब्रेकच्या तोंडात साबण.’

पुढचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्या दुकानासमोर उभी राहून शिकले. त्यांनी आधी ब्रेकला हात लावलाच नाही. आधी चाक. रिमजवळ खडू धरायचे, चाक फिरवायचे आणि जिथे खडूची खूण उमटते तिथल्या तारा चावीने पाव-पाव फेरा आवळायचे किंवा सैल करायचे. ‘आधी चाकाचा आऊट काढायचा,’ ते म्हणायचे, ‘चाक नाचतंय तोवर ब्रेकला बोलण्यात अर्थ नाही. इथं धरंल, तिथं सोडंल, आणि तुला वाटंल हातच वाईट.’ मग रिम रॉकेलने पुसायची, सोड्याच्या पाण्याने धुवायची, कोरडी करायची आणि बारीक पॉलिशपेपर फिरवायचा. रबराचा वरचा काचेसारखा झालेला थर घासून काढायचा. शेवटी रबर आणि रिम यांच्यात नाणं जेमतेम जाईल एवढी जागा ठेवायची. चौथ्या दिवसापासून चावी त्यांनी माझ्या हातात दिली. तिसऱ्या आठवड्यात मी मागचा ब्रेक हलका दाबून, त्याच्या विरुद्ध पायडल मारत, सायकल एका जागी दहा आकडे मोजेपर्यंत उभी धरू लागले. सगळ्यात कठीण होतं ते उजव्या पायाला आवरणं. तोल गेला की तो सवयीने खाली जायचा. मी स्वतःला रोज बजावत होते, पाय टेकायचा नाही, काही झालं तरी पाय टेकायचा नाही.

सण रविवारी होता; शुक्रवारी सायकल तयार झाली. घरी आणून मी ती माझ्या खाटेशेजारी आत लावली आणि काकांसमोर उभी राहिले.

‘काका, उद्या माझ्या सायकलीला हात लावू नका. ब्रेक नीट करून आणलेत.’

‘कुणाकडून? त्या बशीरकडून?’ त्यांनी चिमूट नाकात घातली. ‘अगं, मी रणगाड्याची चाकं बघितलेला माणूस. मला शिकवते का?’

‘शिकवत नाही. फक्त रिमला तेल नको.’

‘बरं बरं, नाही लावत,’ ते म्हणाले आणि शिंकले. मी बाबांकडे पाहिलं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ऐकलं होतं, कारण त्यांनी पान उलटायचं थांबवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी गायनाच्या तालमीला गेले. रविवारी सकाळी उठले तर सायकल खाटेशेजारी नव्हती. आई म्हणाली, ‘काका लवकर घेऊन गेले, रांगेत लावायला.’ उपासना संपेपर्यंत मला बाहेर येता आलं नाही. बाहेर आले तेव्हा भिंतीलगत उन्हात ती उभी होती आणि तिच्या रिमा बाकीच्या सगळ्या सायकलींपेक्षा जास्त चमकत होत्या. काका शेजारी उभे, पांढरा शर्ट, फडकं खिशातून लोंबणारं.

‘या वेळी डबल हात मारलाय,’ ते हसत म्हणाले. ‘अख्खं देऊळ बघणार आहे आपल्याला.’

मी बोट फिरवलं. काळं. मी पदराच्या टोकाने पुसायला लागले. तारांमधून रिमची आतली बाजू पदराने कितीशी पुसणार? तेल निघत नव्हतं, पसरत होतं. पदर काळा झाला, हात काळे झाले आणि तोवर शिट्टी झाली. आज मला विचाराल तर मी म्हणेन की मी शर्यतीतून बाहेर पडायला हवं होतं. पण हेडबाई खुर्चीवर बसल्या होत्या, कमिटी बसली होती. मला वाटलं, बरंच पुसलं आहे, जमेल.

आम्ही पाच जणी होतो. पहिली दहा पावलं उतार कमी होता, तोवर मी ठीक होते. मग सायकलने वेग घेतला. मी दोन्ही ब्रेक मुठी आवळून दाबले. रबर रिमवरून लोण्यावरून सुरी जावी तसे सरकले. समोर फाटकाजवळ सुगीच्या अर्पणाचं लांब टेबल मांडलेलं होतं. खेड्यांवरून आलेल्या मंडळींनी आणलेले भोपळे, वांगी, पपया, अंड्यांच्या टोपल्या, दह्याची मडकी, पाय बांधलेल्या कोंबड्या. आयुष्यभर दर रविवारी जो पाय आपोआप खाली यायचा तो मी त्या दिवशी वर धरून ठेवला. टेकला असता तर मी नुसती बाद झाले असते. पण माझ्या डोक्यात तीन आठवडे घोटलेलं एकच वाक्य होतं.

‘अय्यो, लई जोरात आली की वं पोरगी!’ एक म्हातारा ओरडला.

‘बिरेकच न्हाई का काय हिला?’

मी टेबलावर जाऊन आदळले. दही माझ्या केसांत गेलं. एक पपई छातीखाली फुटली, ती आतून नासलेली होती. अंड्यांचा चिकट ओघळ मानेवरून पाठीत उतरला. एक कोंबडी माझ्या तोंडाजवळ फडफडली आणि घाबरून तिने जे करायचं ते माझ्या हातावर केलं. त्या सगळ्यात इंजिनाच्या तेलाचा वास. लोक आधी धावले आणि मला लागलं नाही असं दिसल्यावर हसले. ते मी समजू शकते. मीही हसले असते. पण मग काका आले. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि खिशातलं ते फडकं काढून माझं तोंड पुसलं. तपकीर, शेंबूड आणि काळं तेल, माझ्या ओठांवरून, डोळ्यांवरून, सगळ्या मंडळीसमोर, मायेने. मला तिथेच उलटी झाली.

‘घाबरली पोर,’ काकांनी जाहीर केलं. ‘ब्रेक दाबलाच नाही तिने. सायकल एकदम टॉप आहे, काल मी स्वतः केली आहे.’

बाबा तोवर सायकलीजवळ पोहोचले होते. त्यांनी ती उचलून उभी केली. पुढचं चाक वाकडं झालं होतं. ते उकिडवे बसले आणि त्यांनी रिमच्या आतून एक बोट फिरवलं, अगदी बशीरचाचांनी फिरवलं होतं तसंच. बोटाकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला. पांढराशुभ्र, कोपऱ्यात आईने निळ्या दोऱ्याने त्यांच्या नावाचं अक्षर काढलेलं. त्यांनी बोट पुसलं, डाग आत जाईल अशी रुमालाची चौकोनी घडी घातली आणि तो खिशात ठेवला. हे मी पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं.

‘गुरुजी,’ हेडबाईंनी विचारलं, ‘ब्रेकचं काही होतं का?’

बाबा उठले. त्यांनी गुडघ्यावरची माती झटकली. ‘नाही बाई,’ ते म्हणाले. ‘सराव कमी पडला.’

मुलांनो, दह्याची, कोंबडीची, त्या फडक्याची किळस मी त्याच दिवशी पंपाखाली बसून धुतली. हे वाक्य मात्र धुतलं गेलं नाही. मला पेन्सिलीच्या टोकाने चूक दाखवणारा माणूस. एक अक्षर खोटं लिहायचं नाही असं शिकवणारा माणूस. थोरल्या भावाची मान चारचौघांत खाली जाऊ नये म्हणून त्याने माझी खाली घातली, आणि तीही इतक्या नीटनेटकेपणाने.

दुपारी घरात नेहमीप्रमाणे मटण होतं. काकांना नळी आवडायची. नखांत काळं तेल तसंच ठेवून ते नळीतला गर बोटाने ओढून काढत होते आणि म्हणत होते, ‘झालं ते बरं झालं. बायामाणसांचं काम नाही ते. कोपरगाववाल्यांना मी या आठवड्यात पत्र टाकतो.’ बाबा भाकरी मोडत होते, एकसारखे तुकडे करून. मी ताटावरून उठले. कुणी थांबवलं नाही.

सोमवारी सकाळी आई पंपावर कपडे धूत होती. मी बादली भरायला गेले. तिने धुवायच्या कपड्यांखालून तो रुमाल काढला, घडी तशीच, कोरडा.

‘हा मी धुतला नाही,’ ती म्हणाली आणि माझ्या हातात देऊन पुन्हा कपडे आपटायला लागली. आईने माझ्या बाजूने उच्चारलेलं एवढं एकच वाक्य मला आठवतं. तिच्यावर माया करायला तेव्हा मला वेळ मिळाला नाही; आता मिळतो.

मी सायकल हातात धरून बशीरचाचांकडे नेली.  त्यांनी वाकडं चाक उघडून गुडघ्यात धरून सरळ केलं, दोन तारा बदलल्या आणि चावी माझ्याकडे टाकली. ‘आऊट तू काढ.’ मी काढला. रॉकेल, सोडा, पॉलिशपेपर, रबर. तिथून मी थेट हेडबाईंच्या बंगलीवर गेले आणि रुमाल त्यांच्या टेबलावर उघडून ठेवला.

बाईंनी तो उचलून वास घेतला आणि नाक मुरडलं. ‘इंजिनचं तेल. कुठलं?’

‘माझ्या रिमवरचं. कालचं.’

त्यांनी कोपऱ्यातलं निळं अक्षर पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. ‘हा रुमाल तुझा नाही,’ त्या म्हणाल्या.

इथे मी खोटं बोलू शकले असते. मीच बाबांच्या रुमालाने पुसलं म्हणाले असते तर नोकरीही मिळाली असती आणि बाबाही सेक्रेटरी राहिले असते. मी म्हटलं, ‘बाबांचा आहे. मी पडल्यावर त्यांनी रिमवरून बोट फिरवलं आणि ते यात पुसलं.’

‘माझ्या प्रश्नाच्या आधी की नंतर?’

‘आधी.’

बाईंनी रुमाल माझ्याकडे परत सरकवला. मग उठून व्हरांड्यात आल्या. तिथे जास्वंदीच्या कुंड्यांची रांग होती आणि समोर उतार. ‘या कुंड्यांच्या कडेने खालपर्यंत चालव,’ त्या म्हणाल्या. मी चालवली. इतकी हळू चालवली की मागच्या चाकाची टिकटिक सुटी सुटी ऐकू येत होती. मधल्या कुंडीपाशी मी ब्रेक धरून थांबले, पाय न टेकता, आणि मनात दहा मोजले. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही. त्या चाकाकडे बघत होत्या.

‘गुरुवारपासून ये,’ त्या म्हणाल्या. ‘आणि सायकल तुझी तूच बघायची. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही.’

पुढच्या मीटिंगमध्ये कमिटीने दुसरा सेक्रेटरी नेमला. कारण कुणी लिहून ठेवलं नाही. त्या संध्याकाळी बाबा घरी आले, सदरा खुंटीला लावला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘रुमाल कुठे आहे?’

‘माझ्याकडे आहे.’

‘बरं,’ ते म्हणाले.

पुढे बाबा एकवीस वर्षं जगले. आम्ही दोघं पुस्तकांबद्दल बोललो, तुमच्या आईच्या नावाबद्दल बोललो, औषधांबद्दल बोललो, याबद्दल नाही. मात्र त्या आठवड्यापासून ते शनिवारी दुपारी स्वतःची सायकल घेऊन अंगणात बसत आणि कोरड्या कापडाने रिम पुसत. काका पडवीतून बघत आणि म्हणत, ‘गंजेल रे ती.’ काकांनी स्वतःच्या सायकलीला शेवटपर्यंत तेल लावलं आणि शेवटपर्यंत रविवारी चप्पल घासली. माझ्या सायकलीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, फक्त एकदा, त्या फोटोपुरता.

मला लोक विचारतात, एवढ्या वर्षांनी काय मनात धरायचं? मी मनात धरलेलं नाही. मी बाबांची सेवा केली, त्यांच्यासाठी रडले. पण किळस ही काही ठरवून येणारी गोष्ट नाही. अजूनही कुणी एखादा सभ्य माणूस अडचणीचं काही पाहून सावकाश रुमालाची घडी घालताना दिसला, की माझ्या घशाशी येतं. आणि थोडी किळस माझी स्वतःचीही येते. ‘आधी,’ हा शब्द मी उच्चारला तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते मी स्मरणिकेत छापायला देणार नाही, पण तुम्हाला सांगते.

तर ईशान, रिम की डिस्क ते तुझं तू बघ. मला डिस्क ब्रेक कळत नाही. जो ब्रेक तू स्वतः उघडून स्वतः साफ करू शकशील तो घे. चाकाचा आऊट आधी काढ. तुझी ग्राइंडर मारलेली खरखरीत रिम मला दिसायला घाण वाटते, पण ती चमकत नाही, याबद्दल माझी काही तक्रार नाही. डांबर हाताचं नीट काढ. आणि कुणी प्रेमाने म्हणालं, दे, मी करून ठेवतो, तरी देऊ नकोस. जोआना, हे तुलाही, सायकल नसली तरी.

बशीरचाचांच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पंप गेला, पडवी गेली. सायकल मी निवृत्त झाले तेव्हा वाडीवरच्या एका शिक्षिकेला दिली, तिनेही ती पुढे कुणाला दिली असेल. तारांची चावी माझ्या टेबलावर आहे. ती तुमच्या आईबरोबर पाठवते. रुमाल कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. निळं अक्षर फिकं झालं आहे. डाग तसाच आहे.